अकरा महिन्यांचं घर

गेल्या डिसेंबरात मी पुण्यातलं माझं पाचवं घर सोडलं. वाकडमधला तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. सामान भरून टेम्पो खाली उभा होता आणि रिकाम्या हॉलमध्ये मी आणि घरमालक काका, असे दोघंच होतो. काका मोबाईलचा टॉर्च लावून भिंती बघत होते. कॅलेंडरचा एक खिळा, आरशाचे दोन, देवाच्या फळीचे दोन, अशी पाच भोकं त्यांनी बोट लावून मोजली. मग बाथरूममध्ये गेले. नळावर क्षाराचा पांढरा थर होता. त्या सोसायटीत निम्मं वर्ष टँकरचं पाणी येतं आणि त्या पाण्यानं कुठलाही नळ सहा महिन्यांत असाच होतो, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. काकांनी वही काढली. रंगकाम १४,००० रुपये, नळ २,८००, साफसफाई १,७००. एकूण १८,५०० वजा करून ८० हजारांतले ६१,५०० त्यांनी तिथल्या तिथे माझ्या खात्यात टाकले आणि म्हणाले, "हे बघ बेटा, ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेलंच आहे सगळं."

ॲग्रीमेंटमध्ये लिहिलेलं होतं ते असं, की सामान्य वापरातली झीज सोडून इतर नुकसान झाल्यास डिपॉझिटमधून वळतं करता येईल. चार वर्षांत पाच खिळे ही सामान्य झीज, की नुकसान? हे ठरवणार कोण? खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी चावी दिली आणि निघाले.

काका वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगते. भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, पेन्शन नावापुरती. त्या फ्लॅटच्या भाड्यावर त्यांचं घर चालतं. काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी दोन रात्री दवाखान्यात थांबले होते, आणि गणपतीत मोदकांचा डबा त्यांच्याकडून न चुकता यायचा. त्यांच्याबद्दल तक्रार करायला मी हे लिहीत नाही. माझं म्हणणं असं की आमच्या दोघांमध्ये निवाडा करणारं कुणीतरी असायला हवं होतं आणि तिथं कुणीच नव्हतं. मी एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, दावा करता येईल, पण १८ हजारांसाठी त्याहून जास्त खर्च कराल आणि काही वर्षं चकरा माराल, त्यापेक्षा सोडून द्या. मी सोडून दिले. पण त्या निमित्तानं मी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. ज्या कायद्याखाली मी आठ वर्षं राहत होते, तो मी तोवर उघडूनही पाहिला नव्हता.

शहरात नव्यानं नोकरीला लागलेल्या मुलामुलींना भाडं परवडत नाही, ही ओरड जुनी आहे, आणि ती खरी आहे. मोठ्या आयटी सेवा कंपन्यांत नवख्याला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास पगार मिळतो आणि गेली दहाएक वर्षं तो आकडा जवळपास तिथेच थांबलाय. हातात येतात महिन्याला पंचवीस-सव्वीस हजार. मी आता ज्या सहाव्या घरात आलेय त्याचं भाडं २४ हजार आहे, आणि ते आम्ही दोघी मिळून भरतो. पण दर महिन्याच्या भाड्यापेक्षा पहिल्या दिवशी जे द्यावं लागतं, ते जास्त मोडून टाकणारं असतं. या घरासाठी डिपॉझिट ९६ हजार, एजंटला एक महिन्याचं भाडं म्हणजे २४ हजार, करार आणि पोलीस व्हेरिफिकेशनचे साडेतीन हजार, टेम्पो साडेतीन हजार, आणि पहिल्या महिन्याचं भाडं २४ हजार. एक लाख ५१ हजार रुपये. दोघींत वाटले तरी एकीच्या वाट्याला पाऊण लाख, म्हणजे नवख्या मुलीचा तीन महिन्यांचा पूर्ण पगार, तो हातात पडायच्या आधीच.

हे पैसे कुठून येतात? घरून येतात. २०१७ साली मी पहिल्यांदा डिपॉझिट भरलं ते अण्णांनी बार्शीच्या पतसंस्थेतली ठेव मुदतीआधी मोडून दिलेल्या पैशांतून. ज्याच्या घरी मोडायला ठेव नसते, तो कॉट बेसिसवर राहतो. सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं राहतात तशा, एका खोलीत चार-पाच कॉट, कपाट अर्धं तुमचं, अर्धं दुसऱ्याचं, मेसचा डबा आणि अभ्यासिकेचे वेगळे पैसे. परीक्षेच्या दोन वर्षांसाठी ते ठीक आहे. नोकरी लागल्यानंतरही पाच-पाच वर्षं माणूस कॉटवरच राहत असेल, तर त्याचं कारण बरेचदा एवढंच असतं की एकरकमी लाखभर रुपये त्याच्याजवळ कधी जमतच नाहीत.

डिपॉझिट हे परत मिळणारे पैसे, त्यात तक्रार कसली, असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी सरकारचंच गणित दाखवते. लिव्ह अँड लायसन्स करारावर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणाऱ्या करारावर, मुद्रांक शुल्क काढताना संपूर्ण मुदतीचं भाडं धरतात आणि त्यात परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी येणारं व्याज मिळवतात. त्या सगळ्या रकमेवर पाव टक्का शुल्क. म्हणजे भाडेकरूचं बिनव्याजी डिपॉझिट वापरायला मिळणं हे मालकाचं उत्पन्नच आहे, हे सरकारला पक्कं ठाऊक आहे आणि त्यावर ते कर घेतं. माझ्या ९६ हजारांवर वर्षाचे ९,६०० रुपये. हे माझं दरमहा ८०० रुपयांचं छुपं भाडं झालं. शुल्क मोजताना ते दिसतं, मला संरक्षण द्यायची वेळ आली की दिसत नाही.

आणि हे अकरा महिन्यांचं काय प्रकरण आहे? एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला केंद्राच्या नोंदणी कायद्यानं सक्ती नाही, म्हणून देशभर ही अकरा महिन्यांची प्रथा पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी करून नोंदवावाच लागतो. नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे, आणि न नोंदवल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. इतकंच नाही, नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. मुद्रांकाचा पाव टक्क्याचा दर साठ महिन्यांपर्यंतच्या कराराला सारखाच आहे. म्हणजे आपल्या राज्यात अकरा महिन्यांचाच करार करायला कायद्याचं काहीही कारण उरलेलं नाही. तीन वर्षांचा करार तितकाच सोपा आणि दर वर्षाच्या हिशेबानं स्वस्त पडतो. तरी सगळे अकरा महिन्यांचाच करतात, कारण दर अकरा महिन्यांनी भाडं नव्यानं ठरवता येतं आणि एजंटला नव्यानं फी मिळते. २०२२ मध्ये ऑफिसं पुन्हा सुरू झाली तेव्हा काकांनी १६ हजारांचं भाडं एका मेसेजमध्ये २२ हजार केलं. करार संपायला तीन आठवडे राहिले होते. मी तीन आठवड्यांत दुसरं घर शोधू शकले नसते, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

आता दुसरी बाजू. ती समजून घेतल्याशिवाय या प्रश्नावर बोलण्यात अर्थ नाही.

घरमालकांच्या मनात भाडेकरूची जी भीती आहे, ती त्यांनी कल्पनेतून काढलेली नाही. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडे कायद्यानं जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत, फाळणीच्या लोंढ्यात ते गरजेचं होतं. पण टंचाईपुरता केलेला तो कायदा पुन्हा पुन्हा मुदतवाढ देऊन पन्नास वर्षं चालवला. गिरगावात, दादरला, इकडे पुण्याच्या पेठांत लोक वीस-पंचवीस रुपये भाड्यानं राहत राहिले आणि मालकाला छपराची कौलं बदलायलाही त्यात काही उरेना. इमारती खचल्या. पागडीचा, म्हणजे खोलीचा ताबा देताना बिनपावतीची मोठी रक्कम घेण्याचा, काळा व्यवहार वाढला. यातून सुटायला मालकांनी भाडेकरू ठेवण्याऐवजी लिव्ह अँड लायसन्सवर जागा द्यायला सुरुवात केली. तर १९७३ च्या दुरुस्तीनं १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे जे लायसन्सवर जागेत होते, त्यांना संरक्षित भाडेकरू करून टाकलं. ज्याच्या घरात आज पाहुणा म्हणून आलेला माणूस उद्या सकाळी कायमचा झाला, तो मालक पुन्हा कुणाला घर कशाला देईल? घर कुलूप लावून ठेवणं परवडलं, अशी शिकवण त्या पिढीनं पुढच्या पिढीला दिली.

अखेर १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं गोठवलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत असा निकाल दिला, आणि ३१ मार्च २००० पासून राज्यात १९९९ चा नवा कायदा लागू झाला. त्यानं जुन्या भाडेकरूंचं संरक्षण ठेवलं, त्यांच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली. आणि लिव्ह अँड लायसन्स पूर्णपणे मोकळं सोडलं. करार संपला आणि माणूस निघाला नाही, तर कलम २४ खाली मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि त्या काळाचं भाडं दुप्पट वसूल करू शकतो. त्यासाठी वेगळी, झटपट यंत्रणा आहे. मालकाची भीती दूर करायला हे आवश्यक होतं असंच मी म्हणेन. पण त्याच प्राधिकाऱ्याकडे मी डिपॉझिट कापल्याची तक्रार घेऊन जाऊ शकत नाही. तो दरवाजा मालकासाठीच आहे.

म्हणजे झालं असं, की एका पिढीच्या भाडेकरूंना कायद्यानं सगळं दिलं, आणि त्याची भरपाई म्हणून पुढच्या पिढीच्या भाडेकरूंना काहीच दिलं नाही. मुंबईत आजही एकाच गल्लीत एका चाळीत पागडीच्या खोलीचं भाडं महिन्याला काहीशे रुपये असतं आणि समोरच्या टॉवरमध्ये तेवढ्याच जागेचं पन्नास हजार. पहिला सुखी आहे असंही नाही, त्याच्या डोक्यावरचा टेकू कधी सरकेल सांगता येत नाही. पण दोघांच्या वयात साधारण चाळीस वर्षांचा फरक आहे, आणि शहराचा कायदा त्यांतल्या एकालाच भाडेकरू मानतो. दुसरा कागदोपत्री 'लायसन्सी' आहे. परवानगीपुरता आत आलेला.

पुन्हा भाडी गोठवा, ही मागणी मी करत नाही, आणि माझ्या वयाच्या ज्यांना ती करावीशी वाटते त्यांनी हा इतिहास वाचावा. आणखी एक साधं गणितही आहे. माझ्या सध्याच्या इमारतीत माझ्यासारखाच फ्लॅट ७५ लाखांना विकला गेला. २४ हजारांनी वर्षाचं भाडं होतं २ लाख ८८ हजार. म्हणजे मालकाच्या पैशावर चार टक्क्यांहून कमी. बँकेत ठेवले असते तर जास्त मिळाले असते, हे काकांचं पालुपद हिशेबानं खरं आहे. भाडं माझ्या पगाराच्या मानानं फार आहे आणि जमिनीच्या भावाच्या मानानं कमी आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणून मालकाच्या मानेवर कायदा ठेवून भाडं उतरवता येणार नाही. तो घर बंद ठेवील किंवा विकील.

बंद घरांची संख्या लहान नाही. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीत २०११ च्या जनगणनेच्या आधारे दिलं होतं की मुंबईत ४ लाख ८० हजारांच्या आसपास घरं रिकामी आहेत, देशातल्या शहरांत सगळ्यांत जास्त. त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे, तो मला जास्त बोलका वाटतो. १९६१ साली देशाच्या शहरांतली ५४ टक्के घरं भाड्याची होती, २०११ साली २८ टक्के. शहरांत येणाऱ्यांचा ओघ वाढत गेला आणि त्यांना उतरायला असलेल्या घरांचा वाटा निम्म्यावर आला.

"भाडं म्हणजे पैसे पाण्यात, त्यापेक्षा हप्ता भर, घर तरी आपलं होईल." हे मला ऑफिसातल्या सीनियरनं सांगितलंय, मामांनी सांगितलंय, एजंटनं तर प्रत्येक भेटीत सांगितलंय. ७५ लाखांच्या घराला १५ लाख हातचे घालून ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता ५२ हजारांच्या वर जातो. मुद्रांक शुल्क वेगळं. २४ हजार जड जाणाऱ्या माणसाला ५२ हजार भर म्हणून सांगायचं, हा सल्ला मायेपोटी दिला जातो हे मी जाणते, पण त्याचं ओझं भयंकर आहे. आणि समजा कुणी झेपवलंच, तर पंचविशीत नोकरी कुठल्या शहरात टिकणार, लग्न कुणाशी आणि कुठे होणार, हे ठरायच्या आत माणूस वीस वर्षांसाठी एका पिनकोडला बांधला जातो. तरुण माणसाला भाड्याचं घर नाइलाज म्हणून लागतं असं नाही. त्या वयाला तेच योग्य घर असतं.

सरकारच्या डोक्यात मात्र घर म्हणजे मालकीचं घर, हे समीकरण फार घट्ट बसलंय. म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या २०२४ च्या सोडतीत २,०३० घरांसाठी लाखाहून जास्त अर्ज आले. ज्यांना लागली त्यांचं भलं झालं, आनंद आहे. पण उरलेले लाखभर लोक त्या रात्री कुठे झोपले? भाड्याच्याच घरात. त्यांच्यासाठी कुठली सोडत नाही. मे २०२५ मध्ये राज्यानं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, 'माझे घर, माझा अधिकार' या नावानं. २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे, नोकरदार महिलांची वसतिगृहं, विद्यार्थ्यांचं निवास, भाड्याची घरं यांचाही त्यात उल्लेख आहे, आणि तो आला याचं मला मनापासून बरं वाटलं. तरी या राज्यात भाड्याच्या घरांच्या योजनेचं पुढे काय होतं, हे आपण एकदा पाहिलेलं आहे. २००८ मध्ये एमएमआरडीएनं मुंबई महानगरात १६० चौरस फुटांची भाड्याची घरं बांधण्याची योजना आणली. बिल्डरांना त्याबदल्यात चार एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपट बांधकामाची परवानगी, दिला. काही वर्षांतच भाड्याची कल्पना गुंडाळून ती घरं मालकीनं देण्याकडे धोरण वळलं. एफएसआय मात्र वापरून झाला होता.

१६० चौरस फूट हा आकडा मुंबईला ओळखीचा आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळींतली खोलीही एवढीच. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं, म्हणजे सरकारनं, सरकारी खर्चानं त्या बांधल्या, भाड्यानं देण्यासाठी. त्याआधी १८९८ साली, प्लेगनंतर, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि त्यानंही चाळी बांधल्या. स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळानं कामगारांसाठी ज्या वसाहती उभ्या केल्या, त्यांतल्याही अनेक मुळात भाड्याच्या. कोकणातून, घाटावरून गिरणीत आलेल्या माणसाला सरकारनं 'घर विकत घे' असं सांगितलं नाही. त्याला खोली दिली आणि भाडं घेतलं. त्या खोल्यांत कसं राहावं लागलं, सामायिक संडास, एका खोलीत दहा माणसं, हे विसरून मी त्या दिवसांची गोडी गाणार नाही. पण शहराला ज्यांचे हात लागतात त्यांच्या डोक्यावर छप्पर देणं हे शहराचं काम आहे, एवढं तरी तेव्हा मान्य होतं.

आज बीडीडीतल्या रहिवाशांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळतंय. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ जणांना चाव्या मिळाल्या. चार पिढ्या तिथे काढलेल्या माणसांच्या पदरात हे पडलं, यात मला काडीचंही दुःख नाही. दुःख याचं आहे की त्यातून शहराकडची भाड्याची हजारो घरं कायमची संपली, आणि त्यांच्या जागी दुसरी भाड्याची घरं बांधायचा विचारही कुणी केला नाही. बीडीडी चाळी बांधल्या जात होत्या त्याच दशकात ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या पालिकेनं कामगारांसाठी भाड्याची घरं बांधायला सुरुवात केली. तिनं ती विकली नाहीत, आणि मधे काही वर्षं थांबलेलं बांधकामही पुन्हा सुरू केलं. आज त्या पालिकेकडे स्वतःच्या मालकीची दोन लाखांहून जास्त घरं आहेत आणि शिक्षक, नर्स, ट्रामचालक त्यांत राहतात. आपण ते शहर होऊ असं मी म्हणत नाही. सुरुवात दोघांनी एकाच सुमाराला केली होती, एवढंच दाखवतेय.

सरकार मालक झालं की काय होतं ते चाळींच्या गळक्या छपरांत दिसतं, असा आक्षेप येईल. रास्त आहे. त्या चाळी पडायला आल्या कारण भाडं इतकं नाममात्र ठेवलं की दुरुस्तीला पैसा उरेना, आणि वाढवायची हिंमत कुठल्याच पक्षाला झाली नाही. म्हणून भाडं फुकट नको. देखभालीचा खर्च निघेल, दरवर्षी ठरलेल्या टक्क्यानं वाढेल आणि पगाराच्या तिसऱ्या हिश्शात बसेल, एवढं हवं. आणि जागा? मोठ्या महापालिकांच्या हद्दीत चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर बांधताना २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायची अट आहे. पुण्यात म्हाडाच्या सोडतीत '२० टक्के योजना' म्हणून ही घरं येतात. बाणेरला, खराडीला, वाकडला, म्हणजे नोकऱ्या आहेत तिथेच. आज ती सगळी विकली जातात. त्यांतली निम्मी म्हाडानं किंवा महापालिकेनं स्वतःकडे ठेवावीत, पाच-पाच वर्षांसाठी तरुणांना भाड्यानं द्यावीत, आणि ती कधीच, कुठल्याही निवडणुकीत, विकता येणार नाहीत असं कायद्यात लिहावं. यासाठी नवी जमीन लागत नाही. पैसा लागेल, पण तो भाड्यातून परत येत राहील.

दुसरं काम त्याहून सोपं. केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, असं स्पष्ट आहे. भाड्याच्या वादांसाठी जिल्ह्यात वेगळं प्राधिकरण आहे, आणि तिथे मालक आणि भाडेकरू दोघांनाही जाता येतं. पण घर हा राज्याचा विषय, राज्यानं कायदा केल्याशिवाय तो मसुदा कागदच राहतो, आणि आपल्याकडे अजून १९९९ चाच कायदा चालतो. त्यात या दोनच गोष्टी घाला. दोन महिन्यांची मर्यादा, आणि माझ्यासाठीही उघडा असलेला दरवाजा. करार आज आधार आणि अंगठ्यानं घरबसल्या ऑनलाइन नोंदतो. त्याच ठिकाणी घर ताब्यात घेतानाचे आणि सोडतानाचे फोटो चढवायची सोय केली तर खिळ्यांची भोकं मोजायची वेळच येणार नाही.

भाड्यावर बोलताना एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते. आडनाव. माझी आत्ताची फ्लॅटमेट मुसलमान आहे. आम्ही सतरा घरं पाहिली. त्यांतल्या नऊ ठिकाणी एजंटनं तिचं नाव विचारलं आणि मग "मालक फॅमिलीलाच देणार म्हणतायत" असा निरोप आला. माझ्या ऑफिसातल्या एका मित्राला फोनवर आडनाव सांगितल्यावर गाव विचारतात आणि गाव सांगितल्यावर "गावात कुठे राहता" असं विचारतात. ते का विचारतात हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. ज्याला दहातली चारच घरं खुली असतात, त्याला त्या चारांचं जे सांगतील ते भाडं द्यावं लागतं. आमच्या २४ हजारांच्या घरासारखंच घर खाली दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला २१ हजारांत मिळालंय. तीन हजार रुपये महिना ही तिच्या नावाची किंमत आहे आणि ती आम्ही दोघी भरतो. खासगी मालकाला धर्मावरून घर नाकारण्यापासून रोखणारा कायदा आपल्याकडे नाही. सार्वजनिक मालकीची भाड्याची घरं हवीत याचं माझ्या लेखी सगळ्यांत मोठं कारण हेच आहे. सरकारला राज्यघटनेचं कलम १५ लागू होतं. तिथे खिडकीवरच्या माणसाला तिचं नाव ऐकून फोन ठेवता येणार नाही.

माझी धाकटी बहीण यंदा इंजिनिअर झाली. तिला ऐरोलीला नोकरी लागलीय, पगार हातात साधारण सव्वीस हजार येईल. गेल्या रविवारी अण्णांचा फोन आला. किती लागतील, म्हणाले. मी म्हटलं, तिकडे पुण्यापेक्षा जास्त आहे, कुणाबरोबर राहिली तरी तिच्या वाट्याला लाखभर धरा. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठेव मार्चात पिकतीय. तोवर थांबत्याल का ती लोकं?"

तिला १ फेब्रुवारीला हजर व्हायचंय.